जोडीदाराच्या व्हिसाची प्रतीक्षा : अनिश्चित काळात मन आणि संसार कसा सावरावा?

मुंबई : लग्नाला वर्ष होऊन गेले आहे. पती अमेरिकेत आहे आणि पत्नी नाशिक, बेळगाव किंवा इंदूरमध्ये. अर्ज दाखल झाला, शुल्क भरले, कागदपत्रेही पाठवून झाली. आता करण्यासारखे फारसे काही उरलेले नाही आणि निर्णय केव्हा होईल हे सांगणारेही कोणी नाही. परदेशातील जोडीदाराकडे कायमचे राहायला जाण्याची वाट पाहणारी अनेक भारतीय दांपत्ये आज अशाच स्थितीत आहेत. कधी वाट पाहणारी पत्नी असते, तर कधी पती.

‘सकारात्मक राहा’ हा सल्ला या काळात सगळ्यांकडून मिळतो. तो चुकीचा नाही, मात्र अपुरा आहे. चिंता करू नकोस असे मनाला बजावल्याने चिंता जात नाही. वाट पाहण्याच्या मानसिकतेवर झालेले संशोधन आणि व्हिसाप्रक्रियेचे प्रत्यक्ष स्वरूप या दोन्हींचा एकत्र विचार केला, तर अधिक उपयोगी असा एक निष्कर्ष निघतो. निकाल अनुकूलच लागेल अशी मनाची समजूत घालण्यापेक्षा, या प्रतीक्षेतील कोणता भाग आपल्या हाती आहे हे नेमके ओळखणे माणसाला अधिक आधार देते. अमेरिकेच्या वैवाहिक स्थलांतर व्हिसाच्या उदाहरणावरून हे समजून घेता येईल.

प्रतीक्षा नेमकी कशाची?

अमेरिकेतील कुटुंबाधारित स्थलांतराच्या आजच्या व्यवस्थेचा पाया १९६५ च्या कायद्याने घातला. त्यापूर्वी १९४६ च्या लूस-सेलर कायद्यानुसार भारतीयांसाठी वर्षाला केवळ १०० जागांचा कोटा होता. नव्या व्यवस्थेत कुटुंबांच्या एकत्रीकरणाला अग्रक्रम मिळाला. तथापि, सर्व जोडीदारांना सारखे स्थान मिळाले नाही.

अमेरिकी नागरिकाचा पती किंवा पत्नी ‘निकटचे नातेवाईक’ या वर्गात मोडते. या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. त्यामुळे येथील विलंब हा कामकाजाचा असतो, जागांच्या टंचाईचा नसतो. ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार मात्र ‘एफ-२ए’ या श्रेणीत येतो आणि तेथे संख्येची मर्यादा लागू होते. ग्रीन कार्डधारकांचे जोडीदार आणि अविवाहित मुले यांच्यासाठी कायद्याने वर्षाला १,१४,२०० जागा ठेवल्या आहेत. त्यातील ७७ टक्के, म्हणजे सुमारे ८७,९०० जागा जोडीदार आणि २१ वर्षांखालील मुलांसाठी आहेत. यातील तीन चतुर्थांश जागांना प्रत्येक देशासाठी असलेली मर्यादा लागू होत नाही. म्हणूनच रोजगाराधारित ग्रीन कार्डासाठी भारतीयांना जी प्रदीर्घ स्वतंत्र रांग सोसावी लागते, ती या श्रेणीत सहसा सोसावी लागत नाही.

‘एच-१बी’ व्हिसावर काम करणाऱ्यांच्या जोडीदारांना मिळणारा ‘एच-४’ हा वेगळा, तात्पुरत्या वास्तव्याचा व्हिसा आहे. प्रस्तुत लेखाचा विषय कायमच्या वास्तव्यासाठीच्या व्हिसाचा आहे.

फाइल कोणाच्या टेबलावर आहे?

‘व्हिसा अडकला आहे’ असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात ही प्रक्रिया तीन कार्यालयांतून जाते आणि प्रत्येक ठिकाणी पाहिली जाणारी गोष्ट वेगळी असते.

पहिला टप्पा अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाचा, म्हणजे ‘युएससीआयएस’चा. अमेरिकेतील जोडीदार तेथे ‘आय-१३०’ ही याचिका दाखल करतो. विवाह कायदेशीर आणि खरा आहे का, हे येथे प्रामुख्याने तपासले जाते. याचिका दाखल झाल्याची तारीख ही अर्जदाराची अग्रक्रमाची तारीख ठरते आणि ‘एफ-२ए’च्या रांगेतील स्थान त्यावरूनच निश्चित होते.

याचिका मंजूर झाल्यावर प्रकरण न्यू हॅम्पशायर राज्यातील पोर्ट्समथ येथील ‘नॅशनल व्हिसा सेंटर’कडे जाते. हा दुसरा टप्पा. येथे शुल्क भरणे, ‘डीएस-२६०’ हा अर्ज भरणे आणि ‘आय-८६४’ हे आर्थिक पाठबळाचे प्रतिज्ञापत्र सादर करणे ही कामे होतात. पाठबळ देणाऱ्याचे उत्पन्न सर्वसाधारणपणे अमेरिकेच्या दारिद्र्यमर्यादेच्या १२५ टक्के तरी असावे लागते.

तिसरा टप्पा मुलाखतीचा. भारतातील बहुतेक स्थलांतर व्हिसांच्या मुलाखती मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात होतात. त्यामुळे पंजाब, गुजरात, केरळ, तेलंगण अशा सर्व राज्यांतील अर्जदार शेवटी मुंबईच गाठतात.

हे टप्पे समजून घेण्याचा मानसिक लाभ मोठा आहे. संकेतस्थळावर महिनोन्महिने ‘प्रलंबित’ एवढाच शब्द दिसू लागला की आपल्या विवाहावर कोणीतरी संशय घेत आहे, असे वाटू लागते. वास्तविक या काळाचा बराचसा भाग फाइल केवळ रांगेत असते. अद्याप कोणी ती उघडलेलीही नसते. विलंबाचा अर्थ नकार नव्हे, हे केवळ सांत्वन नाही. ते या कार्यपद्धतीचे वर्णन आहे.

रांग मागेही सरकते

‘एफ-२ए’ श्रेणीतील अर्जदारांसाठी अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरमहा ‘व्हिसा बुलेटिन’ प्रसिद्ध करते. त्यातील अंतिम तारखेपूर्वीची अग्रक्रमाची तारीख असलेल्यांनाच व्हिसा मिळू शकतो. ही तारीख नेहमी पुढेच जाते असे नाही. जुलै २०१९ पासून ही श्रेणी बराच काळ सर्वांना खुली होती. एप्रिल २०२३ मध्ये तिला पुन्हा अंतिम तारीख लागू झाली आणि आता लवकरच क्रमांक लागेल असे वाटणारी अनेक कुटुंबे पुन्हा रांगेत मागे गेली.

राजकीय निर्णयांचाही परिणाम होतो. करोना साथीच्या काळात एप्रिल २०२० मध्ये अध्यक्षीय घोषणेद्वारे अनेक श्रेणींतील स्थलांतर व्हिसा थांबवण्यात आले. नागरिकांच्या जोडीदारांना त्यातून वगळले होते, ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांना मात्र नव्हते. ही घोषणा फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेण्यात आली. अशा प्रसंगी ‘आपले काहीतरी चुकले’ ही भावना मनात घर करते. ज्या गोष्टींवर अर्जदाराचा काडीचाही ताबा नव्हता, त्यांचे ओझे त्याने स्वतःच्या शिरावर घेण्याचे कारण नाही.

वाट पाहणे इतके का थकवते?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील शाखेत मानसशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या केट स्वीनी यांनी अनिश्चित निकालाची वाट पाहणाऱ्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. कॅलिफोर्नियातील वकिलीच्या परीक्षेचा निकाल लागण्यास सुमारे चार महिने लागत. त्या काळात परीक्षार्थींच्या मनःस्थितीची त्यांनी वेळोवेळी नोंद घेतली. चिंता सुरुवातीला अधिक असते, मधल्या काळात काहीशी ओसरते आणि निकाल जवळ येताच पुन्हा उसळते, असे आढळले.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा होता. चिंता दूर सारण्यासाठी लोकांनी योजलेल्या बहुतेक उपायांनी चिंता फारशी कमी झाली नाही. शिवाय ज्यांनी हा काळ अस्वस्थतेत काढला, त्यांना प्रतिकूल निकाल अधिक समर्थपणे पेलता आला आणि अनुकूल निकालाचा आनंदही अधिक झाला. ज्यांना चिंता शिवलीच नव्हती, त्यांना अपयशाचा धक्का मोठा बसला. म्हणजे वाट पाहताना अस्वस्थ वाटणे हा मनाचा दुबळेपणा मानता येत नाही. रात्री झोप लागली नाही म्हणून ‘मी सकारात्मक नाही’ असा दोष स्वतःला लावून घेणे अनावश्यक आहे.

मग उपयोगी काय पडते? नंतरच्या संशोधनात एक गोष्ट पुढे आली. ज्या कामात माणूस पुरता रमतो, काळाचे भान हरपतो, अशा कामांत गुंतलेल्यांना प्रतीक्षेचा काळ तुलनेने सुसह्य झाला. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी या तल्लीनतेला ‘फ्लो’ असे नाव दिले होते. त्यासाठी काम थोडे आव्हानात्मक आणि प्रगती दिसेल असे असावे लागते. मालिका पाहत बसणे त्यात मोडत नाही. नवी भाषा शिकणे, वाद्याचा रियाज किंवा विणकाम मात्र मोडते.

व्हिसाची प्रतीक्षा आणि परीक्षेच्या निकालाची प्रतीक्षा यांत एक महत्त्वाचा फरक आहे. परीक्षेच्या निकालाची तारीख ठाऊक असते, व्हिसाची नसते. अमेरिकी संशोधक पॉलिन बॉस यांची ‘संदिग्ध वियोग’ ही संकल्पना येथे मार्गदर्शक ठरते. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना १९७० च्या दशकात त्यांनी ती मांडली. माणूस मनाने घरात असतो, देहाने नसतो आणि या स्थितीचा शेवट कधी होणार हे कळत नाही, तेव्हा शोकही करता येत नाही आणि निश्चिंतही राहता येत नाही. व्हिसाची वाट पाहणाऱ्यांची अवस्था त्या कुटुंबांइतकी तीव्र नसते. पण तिची जात तीच आहे. ‘तो माझ्यासोबत आहे आणि नाहीही’ ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत, हे मान्य केल्याने ताण हलका होतो, असे बॉस सुचवतात.

पहिल्या वर्षाचे सण आणि ‘झाला का व्हिसा?’

मराठी कुटुंबांत ही प्रतीक्षा सर्वाधिक बोचते ती लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात. पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने, श्रावणात मंगळागौर, मग जावयाचा पहिला दिवाळसण. एरवी आनंदाचे असणारे हे प्रसंग जोडीदाराच्या अनुपस्थितीत अवघड होतात. त्यात हळदीकुंकवाला किंवा लग्नकार्यात भेटणारी प्रत्येक मावशी आणि काकू आपुलकीने विचारते, ‘काय गं, झाला का व्हिसा? अजून इथेच?’

प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु दिवसातून चारदा तेच उत्तर देणे दमवणारे असते. यावर एक साधा तोडगा आहे. ‘कागदपत्रे पोहोचली आहेत, मुलाखतीचे पत्र आले की मीच कळवीन,’ असे एक ठरावीक उत्तर तयार ठेवावे आणि कुटुंबातील एका व्यक्तीने, सासू, आई किंवा थोरल्या जावेने, इतरांना परस्पर तेच सांगावे. कुटुंबीयांनीही तारीख विचारण्याऐवजी ‘आज काय चालले आहे तुझे?’ असे विचारले, तर वाट पाहणाऱ्याला व्हिसापलीकडचे आयुष्य असल्याची जाणीव होते.

मुक्काम कोठे असावा, हा प्रश्नही दुर्लक्षिला जातो. ‘चार महिन्यांत जायचेच आहे’ या समजुतीने नववधू कधी सासरी, कधी माहेरी राहते आणि दोन्हीकडे पाहुणी ठरते. प्रतीक्षा वर्षाहून अधिक लांबण्याची शक्यता गृहीत धरून मुक्काम, खर्च आणि नोकरी यांविषयी दोन्ही घरांनी सुरुवातीलाच मोकळेपणाने ठरवून घेणे हिताचे असते. जेथे पत्नी परदेशात आणि पती येथे असतो, तेथे पतीला टोमण्यांचा वेगळाच भार वाहावा लागतो. तो क्वचितच बोलून दाखवला जातो.

हाती असलेले काम : कागदपत्रे

प्रक्रियेतील ज्या भागावर अर्जदाराचा पूर्ण ताबा आहे, तो कागदपत्रांचा. त्रुटी निघाल्यास फाइल पुन्हा तपासणीच्या रांगेत जाते. म्हणून येथे दाखवलेली काळजी थेट वेळ वाचवते.

मराठी अर्जदारांची नेहमीची अडचण नावाची असते. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे आणि लग्नानंतर पतीचे असते. परिणामी पदवीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, विवाहनोंदणीच्या दाखल्यावर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरेच, अशी स्थिती उद्भवते. लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. नाव बदलायचे असल्यास ते याचिका दाखल होण्यापूर्वी सर्वत्र बदलावे. बदलायचे नसल्यास पासपोर्टवरील नाव सर्व अर्जांत जसेच्या तसे वापरावे. पूर्वी वापरलेली सर्व नावे नमूद करण्यासाठी अर्जात स्वतंत्र जागा असते. ती मोकळी सोडू नये.

लग्नपत्रिका किंवा मंदिराने दिलेले पत्र हा विवाहाचा पुरेसा पुरावा नाही. निबंधकाकडील नोंदणीचा दाखला लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्वधर्मीय विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. जन्मदाखल्यावर बाळाचे नावच नसणे हीदेखील सर्रास आढळणारी त्रुटी आहे. ती दुरुस्त करण्यास महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत वेळ लागतो. म्हणून हे काम पहिल्या टप्प्यातच हाती घ्यावे. पोलिसांचे निर्दोषत्व प्रमाणपत्र पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळते. अर्जदार वयाच्या सोळाव्या वर्षानंतर अन्य देशात बारा महिने किंवा अधिक काळ राहिला असेल, तर त्या देशाचे प्रमाणपत्रही लागते. वैद्यकीय तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. तिची मुदत मर्यादित असल्याने मुलाखत निश्चित होण्यापूर्वी ती करून घेण्याची घाई करू नये.

अमेरिकेतील जोडीदाराच्या हातीही काही गोष्टी आहेत. ग्रीन कार्डधारक प्रतीक्षाकाळात नागरिक झाला, तर ‘एफ-२ए’ची याचिका ‘निकटच्या नातेवाइका’च्या वर्गात जाते आणि संख्येची मर्यादा उरत नाही. मात्र त्याची माहिती संबंधित कार्यालयास स्वतःहून कळवावी लागते. मुले असतील तर येथे एक खाचखळगा आहे. ‘एफ-२ए’मध्ये मुले आईच्या किंवा वडिलांच्याच याचिकेत समाविष्ट होऊ शकतात, निकटच्या नातेवाइकांच्या वर्गात प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र याचिका लागते.

विलंबाचा एक अनपेक्षित लाभही आहे. अमेरिकेत प्रवेश करताना विवाहाला दोन वर्षे झालेली नसतील, तर दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते आणि मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत अट काढून टाकण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. दोन वर्षे पूर्ण झालेली असल्यास थेट दहा वर्षांचे कार्ड मिळते.

स्थिती किती वेळा पाहावी?

‘युएससीआयएस’ची पावती मिळाली की तीन इंग्रजी अक्षरे आणि दहा अंक असलेला क्रमांक हाती येतो. त्यावरून प्रकरणाची स्थिती संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. ही सोय अनेकांच्या मनःशांतीच्या मुळावर येते. सकाळी उठल्याबरोबर, जेवताना, झोपण्यापूर्वी क्रमांक टाकून पाहिल्याने फाइल पुढे सरकत नाही. दिवस मात्र तुकड्यातुकड्यांत वाटला जातो. आठवड्यातून एक ठरलेला वार आणि ‘व्हिसा बुलेटिन’साठी महिन्यातून एक दिवस एवढे पुरेसे आहे. महत्त्वाची सूचना ई-मेलने येत असल्याने ई-मेल मात्र नियमित तपासावा.

समाजमाध्यमांवरील गटांत इतरांच्या तारखा पाहून स्वतःची तुलना करणे हा दुसरा सापळा. एकाच महिन्यात दाखल झालेल्या दोन याचिकांची श्रेणी, कार्यालय आणि कागदपत्रे वेगळी असू शकतात. ‘आत ओळख आहे, पंधरा दिवसांत काम करून देतो,’ असे सांगणाऱ्या दलालांपासून तर दूरच राहावे. गंभीर आजारपणासारख्या तातडीच्या मानवी कारणासाठी प्रकरण लवकर हाताळण्याची विनंती करता येते. ती अधिकृत मार्गाने आणि पुराव्यानिशी करायची असते. अर्जाची नेहमीची मुदत उलटल्यावर चौकशीही करता येते. याखेरीज वेगाचा दुसरा राजमार्ग नाही.

दोन घड्याळांचा संसार

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या तेव्हा गोपाळराव मागे राहिले. ते काही वर्षांनी तेथे पोहोचले. मधली वर्षे पत्रांवर गेली आणि पत्र बोटीने पोहोचण्यास कित्येक आठवडे लागत. आज व्हिडिओ कॉल क्षणात लागतो. अडचण वेगळी आहे. न्यूयॉर्क भारताच्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास असते. कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा तास. एकाची सकाळ ही दुसऱ्याची रात्र. दमलेल्या दोन माणसांच्या संभाषणात व्हिसाखेरीज दुसरा विषय उरला नाही, तर नाते प्रकरणाच्या फाइलीसारखे होऊन बसते.

म्हणून काही जोडपी ठरवून आठवड्यातला एक दिवस व्हिसाचा विषय वर्ज्य ठेवतात. एकाच वेळी तोच पदार्थ करणे, एकच पुस्तक दोघांनी वाचणे, घरखर्चाचा हिशेब एकत्र मांडणे अशा साध्या गोष्टींतून संसार सुरू राहतो. दूर असलेल्या जोडीदाराने भारतात येऊन जाणे शक्य असल्यास उत्तमच. ग्रीन कार्डधारकाने मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास नागरिकत्वाच्या अर्जात प्रश्न उद्भवू शकतात, हे ध्यानात ठेवावे. भेटींची तिकिटे, छायाचित्रे आणि संपर्काच्या नोंदी जपून ठेवाव्यात. त्या आठवणीही असतात आणि मुलाखतीत पुरावाही ठरतात.

आयुष्य थांबवू नये

‘व्हिसा येईपर्यंत’ नोकरी सोडून बसणे ही वारंवार होणारी चूक आहे. व्हिसा हाती पडेपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नये, मालमत्ता विकू नये, परत न होणारी तिकिटे काढू नयेत, असा इशारा खुद्द अमेरिकी यंत्रणाच देतात.

उलट हा काळ तयारीचा ठरू शकतो. परिचारिकांसाठीची ‘एनक्लेक्स’ परीक्षा आणि डॉक्टरांसाठीच्या ‘युएसएमएलई’चे सुरुवातीचे टप्पे भारतातील केंद्रांवर देता येतात. वाहन चालवण्याचा सराव, बोलीभाषेतील इंग्रजी, आपल्या व्यवसायाचे तेथील नियम समजून घेणे हेही उपयोगी. परंतु सगळीच तयारी ‘तिकडच्या’ आयुष्यासाठी नसावी. व्हिसा आला काय, न आला काय, ज्याचे मोल कमी होणार नाही असे निदान एक काम चालू असावे. नोकरीतील बढती, अर्धवट राहिलेली पदवी, गाण्याची परीक्षा, आई-वडिलांसोबत घालवलेला वेळ यांपैकी काहीही चालेल. परदेशी गेलेल्या अनेकांना पुढे या शेवटच्या गोष्टीचीच सर्वाधिक आठवण येते.

निकाल लांबला किंवा प्रतिकूल लागला तर

मुलाखतीच्या शेवटी काही अर्जदारांना कलम ‘२२१ (जी)’ खालील पत्र दिले जाते. कागदोपत्री हा नकार असला तरी त्याचा अर्थ बहुधा आणखी कागदपत्रे किंवा अधिक पडताळणी हवी, एवढाच असतो. मागितलेली कागदपत्रे वर्षभराच्या आत सादर करावीत. अन्यथा पुन्हा अर्ज आणि शुल्क भरावे लागते.

कायमस्वरूपी नकाराची शक्यता कमी असली तरी ती नाकारून चालत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये, ‘परराष्ट्र खाते विरुद्ध मुन्योस’ या खटल्यात, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा मूलभूत घटनात्मक हक्क नाही, असा निर्णय दिला. वाणिज्य दूतावासाच्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देण्याचा मार्ग त्यामुळे आणखी अरुंद झाला. म्हणून ‘अमुक महिन्यापर्यंत निर्णय झाला नाही तर काय?’ हा प्रश्न दांपत्याने एकदा शांतपणे चर्चेला घ्यावा. परदेशातील जोडीदार परत येईल का? तिसऱ्या देशात नोकरी शोधता येईल का? मूल होऊ देण्याचा निर्णय किती काळ पुढे ढकलायचा? उत्तरे लिहून ठेवावीत आणि कागद मिटून ठेवावा. पर्यायी योजना हा अपशकुन नव्हे. तिच्यामुळे एकाच पत्रावर सारे आयुष्य टांगलेले राहत नाही.

प्रतीक्षा की परित्याग?

एक कटू प्रश्नही विचारणे भाग आहे. प्रत्येक विलंब हा यंत्रणेचाच असतो असे नाही. काही विवाहांत व्हिसाचे कारण पुढे करून पत्नीला वर्षानुवर्षे भारतातच ठेवले जाते आणि याचिका दाखलच झालेली नसते. अशा वेळी ‘सकारात्मक राहा’ हा सल्ला घातक ठरतो.

याची शहानिशा करणे अवघड नाही. या प्रक्रियेत प्रत्येक टप्प्यावर कागद तयार होतो. याचिका दाखल झाली असेल तर पावती असतेच आणि तिच्यावरील क्रमांकावरून स्थिती कोणालाही पाहता येते. पावतीची प्रत मागणे हा अविश्वास नव्हे. दोघांच्या नावाचे ते प्रकरण आहे. प्रत देण्यास सतत टाळाटाळ होत असेल, संपर्क तुटत चालला असेल किंवा व्हिसाच्या नावाखाली पैशांची मागणी होत असेल, तर राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाकडे तक्रार करता येते. अनिवासी भारतीयांशी विवाह झालेल्या महिलांच्या तक्रारींसाठी २००९ पासून हा कक्ष कार्यरत आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

मदत केव्हा घ्यावी?

अस्वस्थता स्वाभाविक असली तरी तिला मर्यादा आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक हरपणे, कशातच मन न लागणे, रोजची कामे न होणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नये. केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

व्हिसा मिळाला म्हणजे सारे प्रश्न सुटतात, असेही नाही. मिळालेल्या व्हिसावर सर्वसाधारणपणे सहा महिन्यांच्या आत प्रवास करावा लागतो आणि काल लांबलचक वाटणारा काळ एकाएकी अपुरा पडतो. विमानतळावर भेटणारी दोन माणसे लग्नाच्या दिवशी होती तशीच राहिलेली नसतात. दोघांनीही मधला काळ एकेकट्याने काढलेला असतो. एकमेकांच्या सवयींशी जुळवून घेण्यास पुन्हा काही महिने जातात. त्या दिवसांसाठी शक्ती शिल्लक राहावी, एवढ्यासाठी तरी प्रतीक्षेच्या काळात निकालाबरोबरच स्वतःकडेही लक्ष देणे आवश्यक आहे.